दूध डोळ्यांसमोर काढले, तरी तापवूनच प्या

दुधासारखे दुसरे अन्न नाही, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. वासरू जन्मते आणि पहिले काही आठवडे केवळ दुधावर वाढते. त्याची हाडे वाढतात, मांस भरते, अंगावर तकाकी येते. म्हणजे शरीराला लागणारे बहुतेक सारे दुधात आहे. म्हणून तर तान्ह्या लेकराला, आजाऱ्याला आणि म्हाताऱ्या माणसाला आपण आधी दूध देतो.

पण एक गोष्ट आपण विसरतो. जे अन्न वासराला मानवते, ते जंतूंनाही मानवते. जंतू म्हणजे अतिशय बारीक जीव. ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक नावाच्या यंत्रातून पाहिले तरच दिसतात. सगळे जंतू वाईट नसतात. दुधाचे दही करणारे जंतू आपले मित्रच आहेत. पण काही जंतू माणसाला आजारी पाडतात. अशा रोगजंतूंना दुधात अन्न मिळते, ओल मिळते आणि ऊबही मिळते. मग त्यांना आणखी काय हवे?

हे जंतू दुधात येतात कसे, आणि त्यांना घरच्या घरी कसे आवरायचे, ते या पाठात पाहू.

शुद्ध दूध कशाला म्हणायचे?

दूध घेताना आपण काय पाहतो? पाणी घातले आहे का, ते पाहतो. दूध दाट आहे का, साय किती धरते, ते पाहतो. गवळ्याने आपल्यासमोर धार काढली तर आपला जीव निवतो. "डोळ्यांसमोर काढलेलं दूध. याहून शुद्ध काय असणार?" असे आपण म्हणतो.

कोल्हापुरात गंगावेशीचा दूधकट्टा प्रसिद्ध आहे. तेथे गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात आणि ऊन ऊन फेसाळ दूध पेल्यात देतात. अशा दुधाला धारोष्ण दूध म्हणतात. तालमीतल्या पैलवानांना त्याची मोठी आवड. खेड्यापाड्यांतही पुष्कळ घरी मुलांना गोठ्यातच धारोष्ण दूध पाजतात.

समोर काढलेल्या दुधात पाणी नसते, हे कबूल. भेसळ नसते, हेही कबूल. पण भेसळ ही एक गोष्ट आणि जंतू ही दुसरी गोष्ट. पाणी कोणी घातले तर ते आपल्याला दिसते. जंतू जनावराच्या कासेतूनच दुधाबरोबर आले, तर ते कोणाला दिसणार? दूध पांढरे शुभ्र असते. चव गोड असते. वासही चांगला असतो. तरीही त्यात रोगजंतू असू शकतात.

हे जगाला कसे कळले, त्याची एक गोष्ट आहे. ती आपल्या देशातली नाही, दूरच्या एका बेटावरची आहे. पण ती वाचली म्हणजे आपल्या गोठ्यातले पुष्कळ काही उमगेल.

माल्टा बेटावरच्या शेळ्या

युरोपात इटली नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला समुद्रात माल्टा नावाचे लहानसे बेट आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तेथे इंग्रजांचे राज्य होते. इंग्रजांचे शिपाई आणि खलाशी तेथे राहत. या शिपायांना एक विचित्र ताप येई. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. रात्री घामाने अंथरूण भिजे. पाठ आणि सांधे ठणकत. महिना महिना माणूस खाटेवरून उठत नसे. काही दगावतही. लोक त्याला माल्टाचा ताप म्हणू लागले.

डेव्हिड ब्रूस नावाचे लष्करी डॉक्टर तेथे होते. या तापाने मेलेल्या शिपायांच्या पाणथरीत त्यांना एक जंतू सापडला. ही गोष्ट १८८७ सालची. पुढे ब्रूस यांच्या नावावरून या रोगाला ब्रुसेलोसिस हे नाव मिळाले. जंतू सापडला, पण तो माणसाच्या पोटात येतो कोठून, ते काही कळेना. कोणी हवेला दोष दिला, कोणी गटारांना, कोणी डासांना. अशी अठरा वर्षे गेली.

माल्टाचे लोक शेळीचे दूध पीत. गवळी शेळ्यांचा कळप घेऊन रस्त्याने हिंडे. गिऱ्हाइकाने हाक मारली की दारातच शेळी पिळून देई. दूध डोळ्यांसमोर काढलेले, अगदी धारोष्ण! शेळ्याही दिसायला धडधाकट. त्यामुळे दुधाचा संशय कोणाला आला नाही.

माल्टातच जन्मलेले थेमिस्टोक्लिस झामिट नावाचे एक डॉक्टर होते. १९०५ साली त्यांनी शेळ्यांचे रक्त तपासले. पाहतात तो काय, या धडधाकट शेळ्यांच्या रक्तात त्याच तापाच्या खुणा! मग पुष्कळ शेळ्या तपासल्या. सुमारे निम्म्या शेळ्यांना रोगाची बाधा झालेली आढळली. दर दहा शेळ्यांत सुमारे एक शेळी दुधावाटे जंतू टाकत होती.

१९०६ साली सरकारने शिपायांना शेळीचे कच्चे दूध देणे बंद केले. १९०५ साली शिपायांमध्ये शेकडो रोगी होते. १९०७ साली ते बोटांवर मोजण्याइतके राहिले. औषध नाही, टोचणी नाही. कच्चे दूध तेवढे बंद झाले आणि ताप गेला.

पण गावातल्या लोकांनी काही सवय सोडली नाही. दारात पिळलेले दूध ते पीतच राहिले. त्यांच्यातला ताप पुढेही कित्येक वर्षे चालू राहिला. १९३८ साली तेथे दूध तापवून विकणारी सरकारी डेअरी निघाली. त्यानंतर मात्र रोग हळूहळू हटत गेला. शिपायांना हुकूम होता म्हणून ते वाचले. बाकीच्यांना आपल्या डोळ्यांवर भरवसा होता म्हणून ते आजारी पडले.

आपल्या गोठ्यातला तोच रोग

हा रोग माल्टातच होता असे समजू नका. आपल्याकडे तो गाई-म्हशींत आहे, शेळ्या-मेंढ्यांतही आहे.

गाय किंवा म्हैस गाभण असते. पोटपाणी नीट चाललेले असते. शेवटचे तीन-चार महिने उरलेले असतात आणि एके दिवशी ती गाभडते. वार लवकर पडत नाही. घरचे लोक हळहळतात. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते शिंग लागले असेल. शिंग लागूनही जनावर गाभडते, हे खरे. पण गोठ्यात एकामागून एक जनावरे गाभडू लागली, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी.

यात फसवे काय आहे, ते ऐका. असे जनावर बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला ते नीट विते. खाते, पिते, दूध देते. मालकाला वाटते, संकट टळले. पण जंतू त्याच्या कासेत ठाण मांडून बसलेला असतो. तो दुधातून कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे बाहेर पडत राहतो.

माणसाला हा रोग दोन वाटांनी होतो. एक वाट कच्च्या दुधाची. दुसरी वाट उघड्या हातांची. गाभडलेले पिल्लू, वार आणि त्या वेळचा स्राव यांत जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला लहानशी जखम असली तरी ते आत शिरतात. म्हणून अशा वेळी हातमोजे घालावेत. नसतील तर हाताला प्लॅस्टिकची जाड पिशवी बांधावी. पिल्लू आणि वार उकिरड्यावर फेकू नये. कुत्री ओढून नेतात आणि रोग गावभर पसरतो. खोल खड्डा खणावा, त्यात चुना टाकावा आणि पुरून टाकावे. पोटुशी बाईने या कामाला मुळीच हात लावू नये.

माणसाला रोग झाला म्हणजे ताप येतो-जातो. घाम सुटतो. कंबर, पाठ, गुडघे दुखतात. पुरुषांना कधी वृषण सुजते. अंगात त्राण राहत नाही. हा ताप हिवतापासारखा वाटतो, विषमज्वरासारखा वाटतो, कधी क्षयासारखाही वाटतो. त्यामुळे डॉक्टरही चकतात. पण तुम्ही त्यांना मदत करू शकता. ताप लांबला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा : "आमच्या घरी जनावरं आहेत. आम्ही कच्चं दूध पितो. गोठ्यात जनावर गाभडलं होतं." या तीन वाक्यांनी डॉक्टरांना वाट सापडते. मग ते रक्त तपासून खात्री करून घेतात. औषधाने हा रोग बरा होतो. मात्र औषधे बहुधा दोन मिळून आणि निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली, तर ताप पुन्हा उलटतो.

गोठ्यात रोग येऊ नये म्हणून लस आहे. ती कालवडीला आणि म्हशीच्या पारडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच टोचतात. नर वासराला टोचत नाहीत. गाभण जनावरालाही टोचत नाहीत. केंद्र सरकारने २०१९ साली लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांविरुद्ध देशभर लसीकरणाची मोहीम सुरू केली. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. चार ते आठ महिन्यांची मुदत चुकवू नका.

आणि एक गोष्ट मनाशी ठरवा. रोगी जनावर लपवून बाजारात विकू नका. तसे करणे म्हणजे आपल्या घरचा विस्तव शेजाऱ्याच्या गंजीत नेऊन टाकणे होय.

जंतू दुधात येण्याच्या चार वाटा

पहिली वाट जनावराची. ब्रुसेलोसिस आपण पाहिला. जनावरांना क्षयही होतो. क्षयी गाईच्या कच्च्या दुधातून तो लेकरांना होतो. मानेच्या गाठी सुजतात. आपण त्याला गंडमाळा म्हणतो. हाडांनाही क्षय लागतो. तिसरा रोग म्हणजे कासदाह. याला कोठे कोठे दगडी म्हणतात. कास सुजते, तापते, घट्ट होते. दुधात गाठी किंवा रक्त येते. असे दूध विकू नये आणि पिऊही नये. धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्याव्यात. गाठी असतील तर चटकन दिसतात.

दुसरी वाट माणसाच्या हातांची. विषमज्वर हा माणसाचा रोग आहे, जनावराचा नव्हे. तो झालेला माणूस शौचाहून येतो, हात नीट धूत नाही आणि धारेला बसतो. जंतू हातांवरून चरवीत जातात. कधी रोगी बरा होऊन हिंडू-फिरू लागतो, तरी त्याच्या पोटात जंतू राहतात. म्हणून साबणाने हात धुतल्यावाचून कासेला हात लावू नये. हाताला पिकलेला फोड किंवा जखम असेल, तर धार दुसऱ्याने काढावी.

तिसरी वाट भांड्याची आणि पाण्याची. चरवी, किटली, कॅन यांच्या काठात आणि सांध्यात दुधाचा अंश राहतो. तेथे जंतू घर करतात. भांडी आधी गार पाण्याने विसळावीत. मग गरम पाणी आणि सोडा किंवा साबण घालून घासावीत. शेवटी उकळत्या पाण्याने खंगाळून उन्हात पालथी घालावीत. गाळण्याचे फडकेही रोज उकळावे. दुधात पाणी घालणारा गवळी आपले पैसे तर नेतोच. पण पाणी ओढ्याचे असेल, तर त्याबरोबर पटकी, हगवण आणि कावीळही घरात आणून देतो.

चौथी वाट शेणाची, धुळीची आणि माशांची. धारेच्या वेळी गोठा झाडू नये, कडबा टाकू नये. धूळ उडून दुधात पडते. आधी झाडून घ्यावे. कास धुवावी, कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि मग बसावे. धार झाली की चरवी गोठ्यात ठेवू नये. लगेच झाकून घरात न्यावी.

एकाचे लाख कसे होतात?

आता थोडा हिशेब करू. पाटी घ्या.

ऊन दुधात एक जंतू पडला, असे धरा. तो वाढतो आणि मधोमध दुभंगतो. एकाचे दोन होतात. चांगली ऊब मिळाली तर याला सुमारे २० मिनिटे लागतात. पुढच्या २० मिनिटांत दोनाचे चार. आणखी २० मिनिटांत चाराचे आठ. म्हणजे तासाभरात एकाचे आठ झाले. आता पुढे पाहा :

सकाळी ६ वाजता — १
७ वाजता — ८
८ वाजता — ६४
९ वाजता — ५१२
१० वाजता — ४,०९६
११ वाजता — ३२,७६८
दुपारी १२ वाजता — २,६२,१४४

सकाळी एक होता, दुपारी अडीच लाखांवर गेले. सावकाराचे व्याजही इतके चढत नाही! म्हणून काढलेले दूध तसेच ठेवणे धोक्याचे. एक तर ते लवकर तापवावे, नाही तर लवकर थंड करावे. गाव-डेअरीत दूध घालायचे असेल, तर धार काढल्यावर गप्पा मारत बसू नये. तडक केंद्रावर न्यावे.

तापवणे आणि थंड करणे

फ्रान्स देशात लुई पाश्चर नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. द्राक्षाची दारू का बिघडते, याचा शोध त्यांनी १८६० नंतरच्या काळात केला. ती बेताने तापवली, तर बिघाड करणारे जंतू मरतात, हे त्यांनी दाखवले. पुढे हीच युक्ती दुधाला लावली गेली. तिला पाश्चरायझेशन म्हणतात. डेअरीत दूध ६३ अंशांपर्यंत तापवून अर्धा तास ठेवतात, किंवा ७२ अंशांपर्यंत तापवून १५ सेकंद ठेवतात. मग लगेच थंड करतात. एवढ्याने क्षयाचे, ब्रुसेलोसिसचे, विषमज्वराचे जंतू मरतात.

'लगेच थंड करतात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली दूध उत्पादकांचा सहकारी संघ काढला. १९४८ पासून त्यांचे तापवून थंड केलेले दूध आणंदहून रेल्वेने मुंबईला येऊ लागले. वाट चारशे किलोमीटरांहून लांब. तरी दूध नासत नसे. कारण ते तापवलेले होते आणि वाटेतही थंड होते. तापवल्याने रोगजंतू मेले आणि थंडीने उरलेल्यांची वाढ मंदावली.

घरी आपल्याजवळ यंत्र नाही. पण चूल आहे. आपल्या आजी-पणजी दूध तापवल्यावाचून देत नसत. त्यांना जंतूंची नावे ठाऊक नव्हती. पण त्यांच्या या एका सवयीने पुष्कळ लेकरे वाचली.

दूध तापवण्याचीही रीत आहे. साय धरली किंवा फेस वर आला, म्हणजे दूध उकळले असे नाही. कडेचे दूध तापते आणि मधले कोमट राहते. म्हणून पळीने ढवळत राहावे. चांगल्या दोन-तीन उकळ्या येऊ द्याव्यात. उतरवल्यावर झाकण ठेवावे. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेले ठेवले, म्हणजे दूध लवकर निवते. नंतर फ्रिज असेल तर त्यात ठेवावे. नसेल तर गार जागी झाकून ठेवावे आणि संध्याकाळी पुन्हा उकळावे. सकाळच्या दुधात संध्याकाळचे ताजे दूध ओतू नये.

उकळूनही जे जात नाही

उकळले म्हणजे सगळे झाले, असे मात्र नाही. काही जंतू वाढताना दुधात विष सोडतात. पिकलेल्या फोडात किंवा सुजलेल्या कासेत असणारा एक जंतू असाच आहे. दूध कित्येक तास उबेत राहिले, तर तो वाढतो आणि विष सोडतो. मग तुम्ही दूध उकळा. जंतू मरतो, पण विष तसेच राहते. साप मारला, पण चावलेल्या माणसाच्या अंगातले विष उतरत नाही. तसेच हे.

जपानमध्ये २००० साली असेच घडले. दुधाची पावडर करणाऱ्या एका कारखान्यात वीज गेली. दूध काही तास कोमट पडून राहिले. जंतू वाढले, विष झाले. पुढे ते दूध तापवून त्याची पावडर केली. त्या पावडरीपासून केलेले दूध लोक प्याले आणि तेरा हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. जपानसारख्या देशात हे घडले, तर आपल्या लग्नातल्या बासुंदीचे काय?

रात्रीची बासुंदी सकाळपर्यंत मोठ्या पातेल्यात कोमट राहते. हाताला फोड असलेला माणूस खवा मळतो. तो खवा दिवसभर उघडा राहतो. मग दोन-चार तासांत पंगतीतल्या माणसांना मळमळ, ओकाऱ्या आणि पोटात कळा सुरू होतात. म्हणून दूध आधी स्वच्छ असावे, मग ते लवकर तापवावे आणि मग गार ठेवावे. तिन्ही गोष्टी पाहिजेत. एकीवर भागत नाही.

दही, ताक, लोणी, तूप, खवा, खरवस

दही : उकळलेल्या दुधाचे लावावे. दही आंबट असते, म्हणून पुष्कळ जंतू त्यात वाढत नाहीत. पण कच्च्या दुधातले सगळे रोगजंतू आंबटपणाने मरतातच असे नाही. विरजणाचे भांडे स्वच्छ असावे.

ताक : ताकाचा धोका दुधात कमी आणि पाण्यात जास्त. उकळून निववलेले पाणी घालावे. बाजारात बर्फ घातलेले ताक पिताना विचार करावा. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे?

लोणी : कच्च्या दुधाच्या सायीचे लोणी मुलांना चाटवू नये. दूध तापवून त्याच्या सायीला विरजण लावावे आणि मग घुसळावे.

तूप : लोणी कढवले म्हणजे ते दुधाच्या उकळीहूनही जास्त तापते आणि पाणी उडून जाते. घरच्या पदार्थांत तूप सर्वांत निर्धास्त.

खवा, पेढा, बर्फी : आटवताना जंतू मरतात. पण नंतर हात, माश्या आणि ऊब यांनी पुन्हा येतात. ताजेच खावे. आंबूस वास आला तर टाकून द्यावे.

खरवस : चीक कच्चा चाखू नये. तो उकडून मधोमध घट्ट होईपर्यंत शिजवावा.

चीज आणि पनीर : कच्च्या दुधाचे चीज घेऊ नये. माल्टातच १९९५ साली अशा चीजमुळे ब्रुसेलोसिसची साथ पुन्हा आली होती. एक जंतू तर असा आहे की तो फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. तो पोटुश्या बायकांच्या गर्भाला घातक ठरतो. म्हणून पोटुशी असताना कच्च्या दुधाचा कोणताही पदार्थ खाऊ नये.

लोक विचारतात

गावच्या दूध केंद्रावर जनावरांचे डॉक्टर आले, म्हणजे असे बोलणे निघते.

एक आजोबा म्हणतात, "डॉक्टरसाहेब, आमची सारी हयात धारोष्ण दूध पिण्यात गेली. आम्हाला काही झालं नाही."

डॉक्टर म्हणतात, "आजोबा, तुम्हाला काही झालं नाही, हे चांगलंच झालं. पण दर म्हशीच्या दुधात जंतू नसतात. ज्या म्हशीच्या दुधात असतात, तिच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. रस्त्यानं डोळे मिटून चाललेला माणूस एखाद वेळी घरी पोचतो. म्हणून नातवाला डोळे मिटून चालायला शिकवाल का?"

एक सूनबाई विचारतात, "पण भाऊ, उकळलं की दुधातलं सत्त्व जातं म्हणतात ना?"

"थोडी जीवनसत्त्वं कमी होतात, ताई. ती भाजीपाल्यातून आणि लिंबा-आवळ्यातून मिळतात. हाडं बळकट करणारा चुना आणि मांस वाढवणारी प्रथिनं दुधात राहतातच. उकळलेलं दूध बाळाच्या अंगी लागतं. कच्च्या दुधानं ताप आला, तर खाल्लेलंही अंगी लागत नाही."

एक पोरगेला गवळी विचारतो, "साहेब, शेळीचं दूध हलकं म्हणून आई बाळाला तसंच पाजते. चालेल ना?"

"नाही चालणार, दादा. माल्टाचा ताप शेळीच्याच दुधातून पसरला. तेही तापवायचं. आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध द्यायचं. वरचं काही नको, पाणीसुद्धा नको."

"आणि सुईचं औषध दिलेल्या म्हशीचं दूध?"

"ते डेअरीत घालू नका, घरीही पिऊ नका. किती दिवस थांबायचं, ते औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या. उकळल्यानं औषध जात नाही."

पिशवीवरची अक्षरे वाचा

आता आपल्याला अक्षरे येतात, आकडे येतात. त्यांचा उपयोग येथे करा. दुधाची पिशवी घेतली की तीन गोष्टी पाहा. एक, 'पाश्चराइज्ड' हा शब्द. दोन, किती तारखेपर्यंत वापरायचे तो आकडा. तीन, किती अंशांखाली ठेवायचे ते. तारीख उलटलेली पिशवी परत करा. पिशवी फुगलेली, गळकी किंवा कोमट असेल तर घेऊ नका. पाश्चराइज्ड दूध डेअरीतून निघते तेव्हा चांगले असते. पण वाटेत ऊन लागते, दुकानातली वीज जाते. म्हणून आपल्याकडे तेही घरी उकळून घेतलेले बरे. फार जास्त तापवून खोक्यात बंद केलेले दूध मिळते. ते बंद असेपर्यंत फ्रिजबाहेर टिकते. खोके उघडल्यावर मात्र फ्रिजमध्येच ठेवावे आणि लवकर संपवावे.

ध्यानात ठेवा

१. समोर काढलेल्या दुधात भेसळ नसेल, पण जंतू असू शकतात.
२. धडधाकट दिसणारे जनावरही दुधातून जंतू टाकते.
३. दूध स्वच्छ काढा, लवकर तापवा, झाकून गार ठेवा.
४. गाभडलेल्या पिल्लाला आणि वारेला उघडा हात लावू नका.
५. कालवडीला आणि पारडीला चार ते आठ महिन्यांत लस टोचून घ्या.
६. ताप लांबला तर घरच्या जनावरांविषयी डॉक्टरांना सांगा.

सांगा पाहू

१. माल्टातल्या लोकांना दुधाचा संशय का आला नाही?
२. सकाळी ६ वाजता दुधात २ जंतू असतील, तर वरच्या हिशेबाने ९ वाजता किती होतील?
३. तुमच्या घरी धार काढल्यापासून दूध तापेपर्यंत किती वेळ जातो? उद्या घड्याळ लावून पाहा आणि वहीत लिहून ठेवा.
४. तुमच्या गोठ्यात गेल्या दोन वर्षांत कोणते जनावर गाभडले काय? त्याची नोंद करा आणि ती पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.